नळाचा एरेटर: पाणी वाचतं हो, पण ती चावी!

किचनच्या नळाला ३ लिटर/मिनिटवाला एरेटर (नळाच्या तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळून कमी पाणी सोडणारी जाळी) लावून बरेच महिने झालेत, आणि परवा भांडी साबणात असताना धार एकदम करंगळीएवढी झाली म्हणून लिहायला बसलोय. प्रेशर ठीक होतं, बाथरूमचा नळ धो धो, म्हणजे जाळी चोंदली.

पाण्यात क्षार असले की जाळीवर पांढरा थर बसतो, वर टाकी धुतली की बारीक वाळू, हे होणारच, त्याचं काही नाही. पण माझं मॉडेल नळाच्या तोंडात आत बसणारं, ते काढायला प्लॅस्टिकची चावी लागते आणि तिचे दाते दुसऱ्याच वेळी मोडले. कस्टमर केअर म्हणे चावी सुटी मिळत नाही, नवीन एरेटर घ्या. अहो, बोटभर प्लॅस्टिकसाठी?? शेवटी नोज प्लायरची टोकं खाचांत अडकवून फिरवला, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून तासभर बुडवला, जुन्या टूथब्रशने घासला, धार परत पहिल्यासारखी. चावीचा राग मात्र अजून आहे.

वाचतं का? हात, भांडी, भाजी धुताना हो, साध्या नळातून मिनिटाला सहज १० लिटर जातं. बादलीला शून्य फायदा, १५ लिटरची बादली १५ लिटरच घेणार, वर ५ मिनिटं ताटकळा. म्हणून बाथरूमचा काढून टाकला. कमी फ्लोचा शॉवर घेणार असाल तर आधी गिझर बघा, फ्लो फार कमी पडला तर इन्स्टंट गॅस गिझर पेटतच नाही.

पहिल्या महिन्यात ५ स्टार दिले असते, पण मीटरवर फरकच दिसेना. एका रात्री सगळे नळ बंद करून बघितलं तर मीटरचा बारका काटा फिरतोय! कमोडच्या टाकीत खायचा रंग टाकला, फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला. आवाज नाही, थेंब नाही, आतलं वॉशर गळत होतं. ते बदललं तेव्हा कुठे आकडा खाली आला, त्यामुळे एरेटर घ्यायच्या आधी हे करून बघा, फुकट आहे.

तरी घ्यायचाच असेल तर हाताने किंवा पान्याने निघणारा घ्या, आणि नळाचे आटे आत आहेत की बाहेर ते बघून, २२ आणि २४ एमएमचे एकमेकांना बसत नाहीत. ३.५ स्टार, चावी सुटी मिळाली असती तर ४.