कॅमेऱ्याचं चलान की रस्त्यावरची नाकाबंदी?

माझ्या भाच्याच्या मोबाइलवर वेगाची चार चलानं पडून आहेत. एकही भरलेलं नाही, आणि बाइक तो तशीच हाणतो. तरी वेगासाठी मी कॅमेराच निवडेन. तो रात्रंदिवस जागा असतो, ओळखपाळख बघत नाही; शिवाय धावती गाडी अडवणं हवालदाराच्याच जिवावर बेतायचं.

दारू मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा, आणि ते कळायला चालकाला थांबवून नळीत फुंकायलाच लावावं लागतं.

गेल्या शनिवारी रात्री माहीमला बॅरिकेड दिसताच पुढच्या बाइकवाल्याने आरशाला लटकवलेलं हेल्मेट घाईघाईने डोक्यावर चढवलं. पट्टा लोंबतच होता. मागे बसलेल्या बाईंचं डोकं उघडं. मुंबईत मागच्या माणसाच्या हेल्मेटसाठीही 2022 पासून कारवाई होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हवालदाराने आधी पट्टा आवळायला लावला, दोघांना समजावलं, मग चलान फाडलं. हे समजावणं मोबाइलवरच्या मेसेजला जमत नाही.

म्हणून वेग आणि सिग्नल कॅमेऱ्याकडे द्यावेत, आणि सुटलेले पोलीस रात्रीच्या नाकाबंदीवर उभे करावेत. थकलेली चलानंही तिथेच वसूल करावीत, माझ्या भाच्यापासून सुरुवात करून.