ब्रोकर ॲपमधली ‘टेंडर’ सुविधा: अर्ज सोपा, माहिती अपुरी

कंपनीने किंवा तिचं अधिग्रहण करणाऱ्याने भागधारकांकडून शेअर विकत घेण्याची ऑफर काढली, की ती ॲपच्या ‘कॉर्पोरेट ॲक्शन’ विभागात दिसते. अशा ऑफरला आपले शेअर देणं म्हणजे ‘टेंडर’. संख्या टाका, ओटीपी द्या, शेअर ब्लॉक, म्हणजे ते तात्पुरते विकता येत नाहीत. इथवर काम चोख.

खटकतं ते पुढे. ऑफरचा भाव ठळक अक्षरांत, पण एकूण किती शेअर घेणार हे मात्र ऑफर डॉक्युमेंट उघडून शोधायचं. खरी गोम तर तिथेच आहे. मर्यादेपेक्षा जास्त शेअर आले तर प्रमाणात स्वीकारतात: 40 लाखांच्या ऑफरला 1 कोटी आले, तर तुमच्या 500 पैकी साधारण 200 जातात. उरलेले 300 परत, आणि ऑफर संपल्यावर भाव अनेकदा उतरलेला असतो. नुसता प्रीमियम (बाजारभावापेक्षा जास्तीचा भाव) बघून बाजारातून नवे शेअर घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

ब्रोकरची कट-ऑफ वेळ, म्हणजे अर्ज घेण्याची शेवटची वेळ, बहुधा ऑफरच्या मुदतीआधीच संपते. ॲप ती तळाशी बारीक दाखवतं. तारण ठेवलेले शेअर आधी सोडवून घ्या, नाहीतर अर्ज फेटाळला जातो. अर्ज मागे घ्यायला बटणच नाही; कंपनीच्या स्वतःच्या ऑफरमध्ये फोन करावा लागतो, अधिग्रहणाच्या ऑफरमध्ये तर दिलेला अर्ज मागे घेताच येत नाही. स्टेटस ‘प्रोसेसिंग’वर अडकलं तर होल्डिंग स्टेटमेंट (खात्यातल्या शेअरची यादी) काढा, ब्लॉक झालेली संख्या तिथे वेगळी दिसते.