जळगावातलं ड्रायव्हिंग स्कूल: बोर्ड आणि पट्टे शिकायचे तर इथे, रिव्हर्ससाठी वेगळी सोय बघा

गाडी शिकायची म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी केली तर सगळीकडे एकच टेप, मॅडम लायसन आम्ही काढून देतो तुम्ही टेन्शनच घेऊ नका. अहो पण मला गाडीपण चालवायचीय ना. इथले काका मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, स्टेअरिंग आठवड्यात हातात बसेल ताई, रस्ता वाचायला वेळ लागतो. तिथेच पैसे भरले. फी आजूबाजूच्यांपेक्षा थोडी जास्तच आहे.

यांच्याकडे रस्त्यावरच्या बोर्डांचा एक जुना लॅमिनेट केलेला चार्ट आहे, कोपरे पार उकललेले. काका बोर्डावरचं चित्र अंगठ्याने झाकतात आणि नुसती कडा दाखवून विचारतात, बोला हा काय सांगतो. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे पुढे सांभाळा, निळा चौकोन म्हणजे माहिती, इतकं सगळ्यांनाच येतं. गडबड होते ती जुळ्या भावांसारख्या बोर्डांत. नो पार्किंगला आत निळं, कडेला लाल आणि एकच तिरपी रेघ, तिथे दोन रेघांची फुली दिसली तर गाडी उभीसुद्धा करायची नाही, माणूस उतरवायलाही नाही. नुसता निळा गोल आणि पांढरा बाण असेल तर उलट, तिकडेच जायचं म्हणून सक्ती. यू-टर्न बंदीचा बोर्ड गोल आणि घाटातल्या केसासारख्या वळणाचा त्रिकोणी, बाण मात्र दोन्हीकडे सारखाच वाकलेला, म्हणून बाणाकडे आधी बघायचंच नाही म्हणे, आधी कडा. रेल्वेचंही तसंच, गेटचं चित्र म्हणजे फाटक आहे, इंजिनाचं चित्र म्हणजे फाटक नाही, आणि खालच्या तिरप्या पट्ट्या दोन असतील तर रूळ साधारण 200 मीटरवर, एक असेल तर 50 ते 100 मीटरवर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे थांबाचा बोर्ड अष्टकोनी आणि वाट द्या हा उलटा त्रिकोण, असा आकार दुसऱ्या कुठल्याच बोर्डाला नाही. म्हंजे रंग उडाला, धूळ बसली, कोणाच्या वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं तरी आकारावरून कळतं. आपल्याकडे पोस्टरचं प्रमाण बघता हे फार कामाचं आहे 😄

पट्ट्यांसाठी काका चार्ट वापरत नाहीत, सरळ अजिंठा चौफुलीकडे गाडी काढतात आणि चालवता चालवता मोठ्याने बोलायला लावतात. तुटक पांढरा, बघून ओलांडता येतो. अखंड पिवळा, अजिबात नाही. एक अखंड आणि एक तुटक अशी जोडी असेल तर आपल्या बाजूचा कोणता ते बघा, समोरच्याचं त्याला बघू द्या. आमच्या बॅचमधली एक मुलगी मधला पट्टा चाकाखाली आला की घाबरून ब्रेकच दाबायची, तर काका तिला म्हणाले, कसाले घाबरस वं ताई, पट्टा काय चावस का? सगळी गाडी हसली, पण त्यानंतर तिचा पाय सुटला खरा.

आता खरी अडचण अशी की अर्धे पट्टे पुसलेले, कुठे नव्या डांबराखालून जुना पट्टा डोकावतो, कुठे बाण सरळ जा सांगतो आणि बोर्ड डावीकडे. परीक्षेला असं आलं तर काय? यावर काकांनी जे शिकवलं त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितेय. पोलीस हात दाखवत असेल तर सिग्नलपण विसरा, त्याचं ऐका. बोर्ड आणि पट्टा भांडत असतील तर ज्यात जास्त थांबावं लागतं ते पाळा. थांबायची रेघ दिसत नाही तर झेब्राच्या अलीकडे, झेब्रापण नाही तर आडव्या रस्त्याच्या तोंडाच्या अलीकडे, आणि चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता मोकळा दिसला म्हणून रांगत पुढे जायचं नाही. आणि तोंड उघडा, टेस्ट घेणाऱ्या साहेबांना सांगा की रेघ दिसत नाही म्हणून इथे थांबतेय. समजत नसेल तर गाडी सुरू करायच्या आधीच विचारा. विचारल्याने कोणी नापास करत नाही, गोंधळून मध्येच थांबल्याने होतं.

शेजारच्या वहिनी दुसऱ्या एका क्लासला होत्या, तिथे ट्रॅकच पाठ करून घेतला, इथून डावीकडे मग झाडापाशी थांबा वगैरे. टेस्टच्या दिवशी साहेबांनी क्रम बदलला आणि वहिनी झाड शोधत बसल्या. नापास झालं की पुन्हा द्यायला निदान 7 दिवस थांबावं लागतं, त्यामुळे गणपतीतलं माहेरी गाडी न्यायचं राहिलं ते राहिलंच.

आमच्या बॅचला चाळीसगावचा एक पोरगा होता, त्याला रोज कन्नड घाट लागतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम त्याच्यासाठी काकांनी दोनदा घोकून घेतला.

आता वाईट. रिव्हर्स आणि पार्किंग अगदी शेवटी, ते पण उरकल्यासारखं. गाडी जुनी, क्लच दगड, एसी चालत नाही आणि जळगावचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. एका गाडीत तिघांना बसवतात आणि मागे बसलेला वेळपण तुमच्या तासांत धरतात, हे मला पटलं नाही. नियमात हलक्या गाडीला किमान 21 दिवस आणि 10 तास चालवणं लिहिलंय, चालवणं, बघणं नाही. मी वही काढून हिशोब दाखवला तेव्हा काका थोडे चिडले पण तास भरून दिले. तुम्हीपण लिहून ठेवा.

पाचपैकी चार. सकाळची सहाची बॅचच मागा, आठनंतर ऊन आणि शाळेच्या रिक्षा दोन्ही अंगावर येतात. आणि फोन करत बसू नका, प्रत्यक्ष जाऊन भेटा, गाडीत असले की काका फोन उचलत नाहीत.