पीएफ काढून देणाऱ्या एजंटने ह्यांची पेन्शनच घालवली

चाकण, भोसरी, तळवडे भागात ज्यांची नोकरी गेलीय आणि पीएफ काढायचा विचार चाललाय त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा.

२०२४ मध्ये ह्यांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात ह्यांचं नाव आलं. दोन महिने घरीच होते आणि तेवढ्यात सासूबाईंची बायपास ठरली, मग पीएफशिवाय दुसरा पैसाच नव्हता. ओळखीतून एक एजंट भेटला. "वहिनी, पीएफ ऑफिसात आपली माणसं आहेत, आठवड्यात पैसे खात्यात" असं म्हणाला आणि आधार, पॅन, पासबुकची झेरॉक्स आणि यूएएनचा (पीएफच्या कायमच्या नंबराचा) पासवर्ड पण घेऊन गेला. ओटीपी आला की फोन करायचा, हे सांगायचे. कमिशन ५ टक्के ठरलं होतं. नंतर म्हणाला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स, १० टक्के आधी भरावा लागतो, नाहीतर क्लेम रिजेक्ट होतो. दिराकडून उसने घेऊन २२ हजार त्याच्या यूपीआयवर टाकले.

पैसे खात्यात आले, ऑपरेशन पण झालं. पण रिटर्न भरताना सीएने २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा) काढून बघितलं तर त्यात टीडीएसची एंट्रीच नाही. ते म्हणाले सलग पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी असेल तर पीएफवर टीडीएस कापलाच जात नाही, आणि कापला जातो तेव्हा पीएफ ऑफिस स्वतः क्लेममधून कापून घेतं, कुणाच्या खात्यावर वेगळा भरायचा नसतो. म्हणजे ते २२ हजार सरळ त्याच्या खिशात गेले.

याहून वाईट पुढे आहे. त्याने पूर्ण पीएफ काढायच्या फॉर्म १९ सोबत पेन्शनचा फॉर्म १०सी पण भरून टाकला होता, म्हणजे पेन्शनचे पैसे सुद्धा काढले, कारण रक्कम जितकी मोठी तितकं त्याचं कमिशन जास्त. ह्यांची नऊ वर्षं झाली होती, दहा वर्षं भरली की ५८ नंतर आयुष्यभर पेन्शन मिळते. १०सीवरच पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, मग जुनी वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात, पण हे त्याने सांगितलंच नाही. आता हे दुसरीकडे लागलेत, यूएएन तोच आहे पण पेन्शनची सर्व्हिस शून्यापासून सुरू झालीय. वय ४९ आहे, दहा वर्षं भरणार कशी?

आणि एवढं सगळं करायची गरजच नव्हती हो! तेव्हाच्या नियमाने नोकरी जाऊन एक महिना झाला की ७५ टक्के पीएफ फॉर्म ३१ वर घरबसल्या काढता येत होता, आजारपणासाठीचा ॲडव्हान्स वेगळाच. उमंग ॲपवरून क्लेम टाकता येतो, एक रुपया फी नाही, आणि पेन्शनला हात पण लागत नाही.

सायबरच्या १९३० वर फोन केला, पोलिसात तक्रार दिलीय, एजंटचा नंबर बंद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) बोर्डाने नोकरी गेल्यावर पूर्ण पैसे काढण्याआधी थांबायचा काळ वाढवायचं ठरवल्यापासून "नियम लागायच्या आत काढून घ्या" म्हणणारे एजंट आमच्याकडे परत फिरायला लागलेत. कुणाला पासवर्ड आधीच दिला असेल तर आजच बदला, आणि ऑनलाइन क्लेम स्टेटस उघडून बघा तुमच्या नावाने १०सी तर टाकलेला नाही ना. पैसे सुटायच्या आधी कळलं तर लगेच पीएफ ऑफिसात जाऊन लेखी द्या, आमच्याकडे ती वेळच उरली नव्हती.