वळीव टिपायचा कुठून: सिंहगड की घरची खिडकी?

सिंहगडावरून ढगाचा ऐरणीसारखा माथा अख्खा दिसतो, पण कड्यावर सगळ्यात उंच आपणच. चमक आणि गडगडाटात ३० सेकंदांहून कमी अंतर, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. ट्रायपॉड तिथेच सोडा, गाडीत काचा लावून बसा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं. घाटात गाडी आडवी लावून लाइव्ह करणारे इतरांनाही अडकवतात. २०१३मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एल रेनोला टिम समारास यांच्यासारखे मुरलेले वादळ-संशोधकही टोर्नेडोत, म्हणजे जमिनीवर उतरलेल्या वादळी भोवऱ्यात, सापडून मरण पावले.

आम्ही खिडकीच निवडू. समोरची पाण्याची टाकी फ्रेममध्ये येते, येऊ दे. अंधार पडल्यावर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १५ सेकंद उघडं, फोकस मॅन्युअल. खोलीतला दिवा बंद, नाहीतर काचेत आपलंच तोंड.

झाडाखाली चेपलेल्या रिक्षाचा क्लोजअप मात्र कुठूनच नको. घरच्यांना फोन जाण्याआधी नंबरप्लेट व्हॉट्सॲपवर पोचते.