मुत्सद्देगिरी की कूटनीती?

समोरच्याला न दुखावता आपलं काम साधणाऱ्या माणसाला बोलताना ‘डिप्लोमॅटिक’ म्हणून सुटता येतं. लिहायला बसलं की हे दोन शब्द आडवे येतात. मी बरीच वर्षं दोन्ही आलटून पालटून वापरले.

कूटनीती ऐटदार आहे, संस्कृत आहे आणि ‘कूटनीतिक’ हे विशेषण आयतं मिळतं. हिंदीत तो शब्द इतका रुळलाय की त्यातला डंख केव्हाच गेला. मराठीत तो गेलेला नाही, निदान माझ्या कानाला तरी तसं वाटतं. कूट म्हणजे लपवलेलं, खोटं. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. कौटिल्यही उघड लढाईला प्रकाशयुद्ध म्हणतो आणि कपटाच्या लढाईला कूटयुद्ध.

हे मला कळलं ते मात्र पोथीतून नव्हे. एका गृहस्थांच्या गौरव अंकात मी लिहिलं, ‘त्यांच्या कूटनीतीमुळे जुना वाद मिटला.’ अंक हाती पडला त्याच संध्याकाळी त्यांचा फोन. “अहो, मी फसवलं कुणाला?” मी शब्दकोश उघडून अर्थ समजावू लागलो, आणि त्या कोशातच पहिल्या ओळीला ‘कपट’ निघालं! पुढे काय बोललो ते आठवत नाही. स्तुती केल्यावर खुलासा द्यावा लागतो, याचाच मला वैताग आला.

मुत्सद्दी मूळचा अरबी, फारसीमार्गे आलेला. अर्थ, काम अंगावर घेणारा. मुघल अमलात सुरत बंदराच्या प्रमुखाला मुतसद्दी म्हणत. हिंदीत या शब्दाचा अर्थ मुनशी, कारकून असाच राहिला. मराठीनं त्याला बढती दिली. ते साहजिकच होतं म्हणा. पेशवाईत तह-सलूख ठरवणारी बरीच मंडळी दप्तरातूनच वर आलेली. खुद्द नाना फडणवीसांची फडणिशी म्हणजे हिशेबाचंच काम.

शब्द परका, हा आक्षेप येतो. फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी करवून घेतला हे खरंच, पण हा शब्द आता परका वाटतो कुणाला? ‘गिरी’मुळे दादागिरी, भोंदूगिरी आठवते असंही म्हणतात. मग कारागिरी आणि कामगिरीचं काय?

शिष्टाई हा गोड शब्द, पण तो मध्यस्थीपुरता. त्यातली सर्वांत प्रसिद्ध, म्हणजे कृष्णाची, फसली. तरी शब्दाची अब्रू गेली नाही, हे विशेष.

मुत्सद्देगिरीत अडचण एकच, विशेषणाची. ‘मुत्सद्देगिरीचे संबंध’ काही म्हणवत नाही. दोन देशांबद्दल लिहिताना मी तिथे ‘राजनैतिक’ घालतो, आणि ते ‘राजकीय’ असं वाचणारा कुणीतरी भेटतोच.