पॅरिस मेट्रोच्या मशीनपाशी भेटलेला 'मदतनीस' आणि आमचे 287 युरो

सरळ आकड्यांपासूनच सुरुवात करते. मेट्रोच्या पासांसाठी 160 युरो रोख त्या माणसाच्या हातात दिले, बदल्यात मिळाला 13 युरोचा माल, म्हणजे 147 गेले. आणि त्याच मालापायी वर 140 युरो दंड. एकूण 287. युरो तेव्हा आम्हाला सगळं धरून 102 च्या आसपास पडला होता, गुणाकार तुमचा तुम्ही करा, माझ्याच्याने आता पुन्हा होत नाही.

मशीनपाशी अनोळखी माणूस मदतीला आला म्हणजे काय ते कळायला नको का, असं म्हणाल. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी डोंबिवलीची. आमच्याकडे स्टेशनात एटीव्हीएमपाशी, म्हणजे तिकिटाच्या मशीनपाशी, माणूस बसलेला असतोच, रेल्वेनेच नेमलेला, बहुतेक रिटायर्ड कर्मचारी, त्याच्याकडे स्मार्ट कार्ड असतं, आपण रोख देतो, तो टपाटपा बटणं दाबतो आणि तिकीट हातात ठेवतो. वर्षानुवर्षं हेच केलंय. त्यामुळे गळ्यात पट्टा, पट्ट्यात कार्ड, निळं जाकीट घातलेला माणूस मशीनपाशी उभा दिसला तर माझ्या डोक्यात धोक्याची घंटा वाजलीच नाही, उलट बरं वाटलं. हे मुंबई-ठाण्याकडच्या सगळ्यांनी नीट लक्षात घ्या: पॅरिसमध्ये आपल्यासारखी मशीनपाशी बसून रोख घेणारी माणसं नसतात. तिथला कर्मचारी फार तर कुठलं बटण ते दाखवेल, पैसे हातात घेणार नाही. घेतले की तो चोर, विषय संपला.

आणि मी काही तयारी न करता गेले नव्हते हो. ट्रिपचं एक्सेल माझं होतं. 2025 च्या जानेवारीपासून तिथे झोनची भानगड काढून मेट्रो-ट्रेन-आरईआरचं (आरईआर म्हणजे उपनगरांत जाणारी लोकल) एकच तिकीट केलंय, 2025 मध्ये ते 2.50 युरोचं होतं, एअरपोर्टचं मात्र वेगळं 13 युरोचं, हे मला पाठ होतं. तिथला आठवड्याचा प्रवासाचा पास, नाविगो, तेव्हा 31.60 ला होता, तो सोमवार ते रविवारच चालतो, तुम्ही बुधवारी उतरलात तरी रविवारी संपणार, आणि चालू आठवड्याचा पास गुरुवारनंतर मिळतच नाही, म्हणून मी मुद्दाम रविवारी रात्री पोचणारं विमान घेतलं. शार्ल द गोल एअरपोर्टवरून टॅक्सीचा भाव ठरलेला असतो, तेव्हा नदीच्या उत्तर बाजूला 56 आणि दक्षिणेला 65 होता, तेही माहीत होतं, त्यामुळे आत टर्मिनलमध्ये 'टॅक्सी टॅक्सी' करणाऱ्यांकडे ढुंकून न बघता बाहेर रांगेतली घेतली आणि बरोबर 56 दिले. इतकं सगळं करून सकाळी मी फसले, म्हणून जास्त जळतंय.

या आठवड्याच्या पासासाठी जे कार्ड लागतं, नाविगो देकूव्हेर्त, ते 5 युरोचं, काउंटरवर मिळतं आणि त्यावर फोटो चिकटवावा लागतो, अडीच सेंटीमीटर बाय तीन. आम्ही चौघांचे फोटो इथूनच काढून, मापात कापून, पाकिटात नेले होते. सासूबाईंनी स्वतः पट्टी लावून कापलेले. हे पुढे येणार आहे.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही शहराच्या उत्तरेकडच्या एका मोठ्या स्टेशनात गेलो (नाव घेत नाही, तुम्हाला कळेलच). काउंटरला ही लांब रांग. साडेदहाचा लूव्र म्युझियमचा स्लॉट, 22 युरोचं एकेक तिकीट आधीच काढलेलं, मुलगी 18 च्या खाली म्हणून तिचं फुकट. घाई होतीच. तो माणूस आला, "नमस्ते मॅडम, वीक पास?" मी म्हटलं हो, चार. मशीनवर मी माझं फॉरेक्स कार्ड घातलं, त्याने बाजूने हात घालून काहीतरी दाबलं, स्क्रीन मागे गेली. "सी? फॉरेन कार्ड, नॉट वर्किंग." आता रोज आठवतं, त्याचं बोट पिनपॅडच्या लाल बटणावर होतं. लाल म्हणजे कॅन्सल, हे जगात सगळीकडे. पण तेव्हा तो सतत बोलत होता, मागे दोनजण उभे राहून घाई करत होते (तेही त्याचेच असणार), आणि नवरा बॅगा सांभाळत होता.

मग त्याने स्वतःचं नाविगो कार्ड मशीनच्या खणात ठेवलं आणि स्क्रीनवर आठवड्याचा पास दाखवला, 31.60. तोच आकडा जो माझ्या एक्सेलमध्ये होता! इथेच मी निर्धास्त झाले. 31.60 आणि कार्डाचे 5 मिळून 36.60 होतात, तो म्हणाला माणशी 40 राउंड, मी म्हटलं जाऊ दे, साडेतीन युरो त्याची मजुरी. त्याने आपलं बँकेचं कार्ड टेकवलं, मशीनने आवाज केला, खिशातून चार कार्डं काढून एकेक त्या खणात ठेवली, पुन्हा टकटक, आणि माझ्या हातात दिली. मी पन्नासच्या तीन आणि दहाची एक नोट दिली.

आणि तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते फोटो द्यायचे राहिले ना?"

मी त्याला विचारलंसुद्धा! फोटो? तो हसून म्हणाला, "न्यू सिस्टिम, टुरिस्ट, नो फोटो." आणि मी सासूबाईंना म्हटलं, आई थांबा जरा, आता नवीन झालंय. पाकिटात चार फोटो, हातात बिनफोटोची चार कार्डं, आणि त्या कार्डांवर ढळढळीत 'ईझी' छापलेलं. नाविगो ईझीवर आठवड्याचा पास चढतच नाही. सुटी तिकिटं, एक दिवसाचा पास असलं काहीतरी चढतं, आठवड्याचा नाही. मी हे वाचलेलं होतं! पण जेटलॅग, रात्रभर न झोपलेली मुलगी, स्टेशनातला गोंगाट, तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही ऐनवेळी आठवलं नसतं. नवरा म्हणतो, मला आठवायला हवं होतं. त्याने एकदाही एक्सेल उघडून बघितलेलं नाही, हे जाता जाता.

गेटवर हिरवा दिवा लागला. चौघांचाही. यातच त्यांची हुशारी आहे, पहिल्या वेळी गेट उघडतंच. त्या प्रत्येक कार्डावर एकेक तिकीट होतं, आणि तेही 4 ते 9 वर्षांच्या मुलांचं, 1.25 युरोचं. कार्ड 2 युरो आणि तिकीट सव्वा, म्हणजे 3.25, चौघांचे 13. आम्ही 4 नंबरच्या लाईनने निघालो, पुढे लूव्रसाठी 1 नंबरला बदलायचं होतं, आणि लाईन बदलायच्या त्या लांबच लांब बोळात वळणावर टीसी उभे. आपल्यासारखा एक नाही, पाच-सहा, खांद्याला खांदा लावून. कार्ड हातातल्या मशीनला टेकवलं आणि बाईने आधी मशीनकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई 71 वर्षांच्या. त्यांच्या कार्डावर दहा वर्षांखालच्या पोराचं तिकीट.

मी सगळं सांगितलं, इंग्रजीत, हातवारे करून, तो माणूस, त्याचं जाकीट, 160 युरो. ती म्हणे, "एव्हरीबडी सेज द सेम." अहो, सगळे तेच सांगतायत तर त्याचा अर्थ काय होतो? सगळे खोटं बोलतात, की वर स्टेशनात एक माणूस रोज लोकांना लुटतोय? इतकी साधी शंका त्या सहा जणांतल्या एकालाही येऊ नये? 35 युरो प्रत्येकी, आत्ता भरा, नाहीतर पासपोर्ट द्या, पत्ता लिहून घेऊ आणि रक्कम वाढेल. दंडाच्या त्यांच्या मशीनवर माझं फॉरेक्स कार्ड एका सेकंदात चाललं, बरं का. फॉरेन कार्ड, पर्फेक्टली वर्किंग.

लूव्रला उशिरा पोचलो, त्यांनी आत घेतलं, बरं झालं. मी काय बघितलं ते विचारू नका.

परत त्या स्टेशनात आल्यावर खरा तमाशा. मेट्रोच्या खिडकीतली बाई म्हणाली, ते मशीन आमचं नाही, उपनगरी गाड्यांच्या बाजूचं आहे, तिकडे जा. तिकडचा म्हणाला, दंड मेट्रोत झालाय ना, मग मेट्रोकडे. तिथे आरईआरची बी लाईनसुद्धा अर्धी एक कंपनी चालवते आणि अर्धी दुसरी, प्रवाशाला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, पण तक्रार करायला गेलं की एका स्टेशनात दोन राज्यं असल्यासारखं वाटतं. कार्ड तपासून दिलं तेवढं एक काम झालं, त्यावरूनच मला ते मुलांच्या तिकिटाचं कळलं. हे तुम्ही स्वतःही करू शकता, कुठल्याही मशीनच्या खणात कार्ड ठेवा, त्यावर काय आहे ते स्क्रीनवर दिसतं, दहा सेकंदाचं काम. मशीनवर इंग्रजी आहे. रिसीट मागा. माणसाने रिसीटला टाळाटाळ केली की चालू पडा.

पोलीस चौकीत दीड तास बसवलं. शेवटी एक साहेब आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः दिले ना? जबरदस्ती केली? चाकू दाखवला? नाही, मग चोरी नाही झाली, ऑनलाईन तक्रार भरा. मी म्हटलं स्टेशनात डोक्यावर इतके कॅमेरे आहेत, वेळ सांगते, मशीन दाखवते. तर खांदे उडवले. फ्रान्समध्ये असलं फुटेज जास्तीत जास्त महिनाभर ठेवता येतं, मला महिना नको होता, त्याच सकाळचं बघा म्हणत होते! चोवीस तास स्पीकरवरून चार भाषांत 'पाकीटमारांपासून सावध' ओरडणार, आणि त्याच स्पीकरखाली उभ्या माणसाला कोणी हात लावणार नाही.

आणि हात लावत नाहीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी खरे पास काढायला गेलो, काउंटरवरून, 36.60 गुणिले चार, 146.40, फोटो लावून. तर तोच माणूस तिथेच, तेच जाकीट, एका वयस्क जोडप्याच्या मशीनवर हात घातलेला. मी मराठीतच ओरडले, तोंडाला येईल ते. जोडपं दचकून बाजूला झालं, तो शांतपणे माझ्याकडे बघत जिन्याने वर गेला, पळालाही नाही. काचेमागच्या कर्मचाऱ्याने मान वर केली आणि परत खाली घातली. नवरा म्हणतो, अगं चल, त्याची टोळी असेल. असेल ना, म्हणूनच तर.

इकडे परत आल्यावर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांचं वेगळंच. पॉलिसी विकताना गोड बोलतात, क्लेम टाकला तर म्हणे स्वखुशीने दिलेली रोख रक्कम कव्हर होत नाही, आणि दंड तर मुळीच नाही, आणि तरीही फाईलसाठी एफआयआरची कॉपी पाठवा. कव्हर नाही तर कॉपी कशाला? दंडाविरुद्ध तीन महिन्यांच्या आत लेखी दाद मागता येते, ती मागितली, सगळ्या पावत्यांचे फोटो, कार्डांचे नंबर जोडून. उत्तर फ्रेंचमध्ये आलं. ट्रान्सलेट करून बघितलं तर छापील मजकूर, आपल्याजवळ योग्य तिकीट नव्हते, दंड कायम. माझ्या त्या चार पानांतलं एक वाक्य वाचलेलं दिसत नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी आणखी, सुचेल तसं. फोनवरच पास काढा, इल-द-फ्रान्स मोबिलितेचं ॲप आहे, आयफोनवरही चालतं, मशीनचं तोंड बघायला नको, फक्त एका फोनवर एकाच माणसाचा पास. सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांच्या कार्डाचं आधी ठरवा. ईझी कार्डावर सुटी तिकिटं घेत असाल तर एकत्र फिरताना प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. साधं सुटं तिकीट घेऊन एअरपोर्टला जाऊ नका, ते तिथे चालत नाही. बाहेर पडेपर्यंत कार्ड हातात ठेवा, टीसी शेवटच्या जिन्यापाशीही असतात. पिन टाकताना कोणी खांद्याशी आलं तर कॅन्सल करून निघून जा, उद्धट वाटलं तर वाटू दे. पन्नासची नोट स्टेशनात बाहेर काढू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही विचारलं तर आधी त्याचं उत्तर शोधा, मग पैसे द्या.

ती चार ईझी कार्डं अजून माझ्याकडे आहेत. दहा वर्षं चालतात, वर तिकिटं भरता येतात. मे महिन्यात माझा भाऊ, वहिनी आणि दोन मुलं चाललीत, त्यांना देणार आहे. दोन युरोप्रमाणे आठ युरोचा माल तरी कामी येईल, पण तो त्या 13 मध्ये आधीच धरलाय, म्हणजे आकडा 287 चा 287 च.